हे खरे कशावरून? सीमाभागातील वाणिज्य विद्यार्थ्याने लेखापरीक्षणाचा अभ्यास कसा करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडीच्या मराठी शाळेतून दहावी होऊन बी.कॉम.ला आलेल्या विद्यार्थ्याला हिशेबशास्त्र जड गेले तरी परके वाटत नाही; जमा आणि नावे यांचे नाते एकदा कळले की पुढची वाट आकडेच दाखवतात. लेखापरीक्षणाचे तसे नाही. या विषयात गणिते जवळपास नाहीत. आहे तो सगळा मजकूर, तोही इंग्रजीत आणि त्यातला बराचसा कायद्याच्या वळणाचा. त्यामुळे बहुतेक विद्यार्थी व्याख्या, फायदे, मर्यादा आणि कलमांचे क्रमांक पाठ करतात, परीक्षेत पासही होतात, आणि पुढे सी.ए.च्या इंटरमीजिएट परीक्षेत किंवा पहिल्या नोकरीत, पाठ केलेल्यापेक्षा निराळा प्रसंग समोर आला की थांबतात. माझ्या मते हा सगळा विषय एका साध्या प्रश्नाभोवती उभा आहे आणि तो प्रश्न आपल्या घराघरांत रोज विचारला जातो: हे खरे कशावरून? हा प्रश्न हाती धरून पाठ्यपुस्तक वाचले, तर निम्मे पाठांतर आपोआप कमी होते.

सुरुवात ताळेबंदातील एका ओळीपासून करावी. निपाणीतील तंबाखूच्या एका व्यापाऱ्याच्या ताळेबंदात ३१ मार्चला 'शिल्लक साठा ४० लाख रुपये' असे लिहिले आहे, असे समजू. ही ओळ एक दिसते, पण तिच्या पोटात पाच विधाने आहेत. हा माल खरोखर वखारीत आहे. तो याच व्यापाऱ्याच्या मालकीचा आहे. त्याचा आणखी कुठे पडलेला माल मोजायचा राहिलेला नाही. लावलेली किंमत योग्य आहे. आणि ३१ मार्चच्या रात्री आलेली किंवा गेलेली गाडी बरोबर त्याच वर्षात धरली आहे. प्रत्येक विधानाचा पुरावा वेगळा असतो. वखारीत जाऊन पोती मोजली की माल आहे हे कळते, पण तो कोणाचा आहे हे मोजून कळत नाही, कारण गावाकडचा एखादा शेतकरी किंवा दुसरा व्यापारी आपली पोती याच वखारीत ठेवून गेलेला असू शकतो; त्यासाठी खरेदीची बिले आणि वजनकाट्याच्या पावत्या पाहाव्या लागतात. मालकी सिद्ध झाली तरी किंमत सिद्ध होत नाही. लेखांकन मानक २ प्रमाणे साठ्याची किंमत ही लागत खर्च किंवा निव्वळ वसुली मूल्य (विकण्याचा खर्च वजा जाता विक्रीतून हाती येईल ती रक्कम) यांपैकी जी कमी असेल ती धरायची असते, म्हणून वर्ष संपल्यानंतर तोच माल कोणत्या दराने विकला गेला, हे एप्रिल-मे महिन्यांच्या विक्रीवरून पाहावे लागते. मोजणीसुद्धा वाटते तितकी सोपी नाही. थप्पीची लांबी, रुंदी आणि उंची पाहून गुणाकार करणाऱ्याला थप्पीच्या मधली पोकळी दिसत नाही. ती वरची काही पोती हलवायला सांगणाऱ्यालाच दिसते.

यासाठी एक साधी वही घालावी आणि तिच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखावेत: विधान काय, ते चुकीचे असेल तर कसे चुकीचे असेल, आणि ते तपासायला कोणता पुरावा पुरेल. रोख रक्कम, बँक शिल्लक, येणेकरी, यंत्रसामग्री, कर्जे, पगार, विक्री अशा एकेका बाबीला एक पान द्यावे. पाठ्यपुस्तकात व्हाउचिंग (व्यवहाराचा कागद पाहणे) आणि पडताळणी (वर्षअखेरीची मालमत्ता किंवा देणे पाहणे) या प्रकरणांत दिलेल्या लांबलचक याद्या या वहीत उतरवू लागले की लक्षात येते, त्या याद्या वेगवेगळ्या नाहीत. तीच पाच-सहा विधाने प्रत्येक ठिकाणी नव्या वेषात येतात.

येथे एक गोष्ट सावकाश समजून घ्यावी, कारण चांगले विद्यार्थीही तिथे अडखळतात. तपासणीला दिशा असते. साठ्याच्या यादीतील नोंद घेऊन वखारीत गेलो आणि माल सापडला, तर तो अस्तित्वात आहे हे सिद्ध झाले. मात्र वखारीतील सगळा माल यादीत आला आहे की नाही, याविषयी त्यातून काहीच कळत नाही. ते कळण्यासाठी उलट जावे लागते: वखारीतील एखादी थप्पी निवडायची आणि ती यादीत शोधायची. विक्रीचेही असेच आहे. पुस्तकातील विक्रीवरून माल रवाना झाल्याच्या चलनाकडे गेल्यास खोटी विक्री सापडते. चलनावरून पुस्तकाकडे आल्यास लपवलेली विक्री सापडते. ज्या बाबी फुगवण्याचा मोह असतो, म्हणजे मालमत्ता आणि उत्पन्न, तिथे पुस्तकाकडून वस्तूकडे जायचे; ज्या दडवण्याचा मोह असतो, म्हणजे देणी आणि खर्च, तिथे वस्तूकडून किंवा बाहेरच्या कागदाकडून पुस्तकाकडे यायचे. मात्र कर वाचवू पाहणाऱ्या लहान व्यापाऱ्याचा मोह नेमका उलटा असतो, हे बाजारपेठेत वाढलेल्या मुलाला निराळे सांगायला नको.

आपल्या भागातील धंदे या विषयाची आयती प्रयोगशाळा आहेत. वडगाव-खासबागच्या मागवाल्यांचे सूत बऱ्याचदा जॉबवर्कसाठी दुसऱ्याच्या घरी पडलेले असते. म्हणजे माल आपला, पण ताबा दुसऱ्याचा. अशा वेळी त्या विणकराकडून थेट लेखी दुजोरा मागवायचा किंवा स्वतः जाऊन पाहायचे, असे लेखापरीक्षण मानक ५०१ सांगते. उद्यमबागेतील ओतकाम कारखान्यात भट्टीत गेलेले भंगार, कच्चे लोखंड आणि बाहेर पडलेले सुटे भाग यांच्या वजनात घट असतेच. दरवर्षी ही घट साधारण सारखी असेल आणि एखाद्या वर्षी ती अचानक वाढलेली दिसली, वीज मात्र तितकीच जळाली असेल, तर उत्पादनाचा काही भाग पुस्तकाबाहेर गेला का, असा प्रश्न विचारावा लागतो. पुस्तकात ज्याला विश्लेषणात्मक कार्यपद्धती म्हटले आहे, ते हेच. बाजार समितीत गूळ किंवा बटाटा घालणाऱ्या शेतकऱ्याला मिळणारी अडत्याची पट्टी घरी असेल तर ती नीट वाचावी. एकूण रक्कम, अडत, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम या प्रत्येक आकड्याची दुसरी बाजू अडत्याच्या पुस्तकात कुठे बसेल, हे स्वतः मांडून पाहिले तर व्हाउचिंगचे प्रकरण वेगळे शिकावे लागत नाही.

यानंतर मागच्या खटल्यांकडे वळावे, पण तारखा पाठ करण्यासाठी नव्हे. १८९६ च्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्यात व्यवस्थापकाने सूत आणि कापसाचा साठा वर्षानुवर्षे फुगवून दाखवला होता आणि लेखापरीक्षकांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला होता. न्यायालयाने त्यांना दोषी धरले नाही. लेखापरीक्षक हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, हे प्रसिद्ध वचन याच निकालातले. विद्यार्थी हे वचन उत्तरात लिहितो आणि तिथेच थांबतो, ही चूक आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या कंपनीचा अस्तित्वात नसलेला साठा आणि खोटी येणी उघडकीस आली, आणि त्यानंतर साठ्याच्या मोजणीला हजर राहणे आणि येणेकऱ्यांकडून थेट दुजोरा घेणे या गोष्टी तपासणीचा भाग बनल्या. म्हणजे किंग्स्टनच्या लेखापरीक्षकाने जे केले, ते आज कोणी केले तर मानक ५०१ समोर तो टिकणार नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीच्या अध्यक्षांनी आपल्या पत्रात जी कबुली दिली, तीत पुस्तकातील ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नसल्याचे म्हटले होते. बँक शिल्लक ही तपासायला सर्वांत सोपी बाब मानली जाते. तिथेच हे घडले. दुजोऱ्याचे पत्र लेखापरीक्षकाने स्वतः पाठवायचे आणि उत्तर थेट त्याच्याकडेच यायचे, कंपनीच्या हातून नव्हे, हा मानक ५०५ मधील आग्रह कशासाठी आहे, ते या प्रकरणानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मानकांचे क्रमांक पाहून घाबरणाऱ्यांनी आधी त्यांची मांडणी पाहावी. २०० च्या मालिकेत सर्वसाधारण तत्त्वे आणि जबाबदाऱ्या येतात, ३०० आणि ४०० मध्ये जोखीम ओळखणे व तिला उत्तर देणे, ५०० मध्ये पुरावा, ६०० मध्ये इतरांच्या कामाचा वापर, ७०० मध्ये निष्कर्ष आणि अहवाल, तर ८०० मध्ये विशेष क्षेत्रे. पुनरावलोकनाची, म्हणजे लेखापरीक्षणाहून मर्यादित तपासणीची, मानके २००० पासून, इतर खात्री-कामांची ३००० पासून आणि खात्री न देणाऱ्या संबंधित सेवांची ४००० पासून सुरू होतात. एवढा नकाशा डोक्यात असला की मानक ३१५ कशाविषयी आणि ७०५ कशाविषयी, हे निम्मे क्रमांकावरूनच कळते.

वाचण्याचा क्रमही बदलावा, असे मला अनुभवाने वाटते. पुस्तक पहिल्या प्रकरणापासून, म्हणजे व्याख्या आणि फायद्यांपासून सुरू होते; विद्यार्थ्याने मात्र शेवटापासून, म्हणजे अहवालापासून सुरू करावे. सगळे काम ज्या एका मतासाठी चालते ते मत कसे दिसते, हे आधी पाहिले की मधल्या प्रत्येक पायरीचे कारण कळते. यासाठी नोंदणीकृत कार्यालय बेळगावातच असलेल्या श्री रेणुका शुगर्ससारख्या कोणत्याही सूचीबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यावा; तो शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. त्यातील स्वतंत्र लेखापरीक्षकाचा अहवाल पेन्सिल घेऊन वाचावा आणि मत, मताचा आधार, लेखापरीक्षणातील प्रमुख बाबी, व्यवस्थापनाची जबाबदारी, लेखापरीक्षकाची जबाबदारी आणि कारो २०२० (कंपनी लेखापरीक्षक अहवाल आदेश) खालील परिशिष्ट हे भाग स्वतः खुणावून काढावेत. असे तीन अहवाल वाचणाऱ्याला अहवालाचे घटक पाठ करावे लागत नाहीत.

मताच्या प्रकारांसाठी दोनच प्रश्न पुरतात. अडचण कोणती आहे, आकडा चुकीचा आहे की पुरावाच मिळाला नाही? आणि तिचा परिणाम एका कोपऱ्यापुरता आहे की सगळ्या हिशेबावर पसरलेला आहे? उद्यमबागेतील त्याच कारखान्याने साठा विक्रीच्या किमतीने दाखवला आणि दुरुस्त करायला नकार दिला, तर आकडा चुकीचा आहे. परिणाम मोठा पण साठ्यापुरता असेल तर सशर्त मत, आणि सगळा ताळेबंदच दिशाभूल करणारा ठरत असेल तर प्रतिकूल मत. याउलट लेखापरीक्षकाची नेमणूकच वर्ष संपल्यानंतर झाली, साठा मोजायची संधी गेली आणि दुसरा कोणताही मार्ग उरला नाही, तर तिथे आकडा चुकीचा आहे असे म्हणता येत नाही, फक्त पुरावा नाही. मर्यादित परिणाम असेल तर पुन्हा सशर्त मत, आणि परिणाम सर्वव्यापी असण्याची शक्यता असेल तर मत देण्यास असमर्थता. प्रतिकूल मत आणि असमर्थता यांची अदलाबदल ही उत्तरपत्रिकेतील सर्वांत सामान्य चूक आहे. एखाद्या बाबीकडे लक्ष वेधणारा परिच्छेद मात्र या चौकटीत बसत नाही, कारण त्याने मत बदलतच नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठची गावे पाण्याखाली गेली. तेव्हा ३१ मार्च २०१९ ला संपलेल्या वर्षाचा अहवाल सप्टेंबरमध्ये द्यायचा होता आणि मधल्या काळात वखार बुडाली, असे धरले तर मार्चचे आकडे बदलत नाहीत, कारण त्या तारखेला माल शाबूत होता. पण नुकसान मोठे असेल तर ते उघड करावे लागते. हिशेबपत्रकात ते नीट उघड केलेले असले, तरच लेखापरीक्षक वाचकाचे लक्ष तिकडे वेधू शकतो. धंदाच पुढे चालणार नाही अशी स्थिती असेल, तर मानक ५७० चा प्रश्न उभा राहतो आणि मग हिशेबाचा पायाच बदलू शकतो.

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. उत्तर इंग्रजीत लिहायचे असले तरी संकल्पना मराठीत समजून घ्यायला कोणाची हरकत नसावी. पण शब्दकोशातून प्रतिशब्द उचलल्यास फसगत होते. 'अ‍ॅश्युरन्स' या शब्दाला कोणी 'आश्वासन' म्हणतात, त्याने निवडणुकीची सभा आठवते. कोणी 'हमी' म्हणतात, आणि लेखापरीक्षक नेमकी हमीच देत नसतो. 'खात्री' हा शब्द सर्वांत जवळचा, तोही 'वाजवी' हे विशेषण लावून. लेखापरीक्षणात मिळते ती वाजवी खात्री, म्हणजे उच्च पातळीची पण पूर्ण नव्हे. पुनरावलोकनात मिळते ती मर्यादित खात्री, म्हणून तेथील निष्कर्ष 'आमच्या लक्षात काही गैर आलेले नाही' असा नकारात्मक वळणाने लिहिला जातो. व्हाउचिंग आणि पडताळणी या दोन्हींना मराठीत आपण सरसकट 'तपासणी' म्हणून मोकळे होतो, पण पहिल्यात व्यवहाराचा कागद पाहतात आणि दुसऱ्यात वर्षअखेरीची मालमत्ता किंवा देणे. व्यावसायिक साशंकता म्हणजे संशयखोरपणा नव्हे. मालक चोर आहे असे धरायचे नाही, आणि तो सज्जन आहे म्हणून पुरावा मागायचे सोडायचेही नाही. वहीच्या मागच्या पानांवर अशा शब्दांची आपल्या शब्दांतली समजूत लिहून ठेवावी आणि शेजारी इंग्रजी संज्ञा जशीच्या तशी उतरवावी, कारण परीक्षकाला तीच संज्ञा हवी असते. प्रत्यक्ष कामात कन्नडही लागते. जमिनीची पहाणी (सातबारासारखा उतारा), ग्रामपंचायतीचे दाखले आणि अनेक संस्थांचे ठराव कन्नडमध्ये असतात, जुनी इतिवृत्ते मराठीत आणि बँकेची पत्रे इंग्रजीत. जो कागद वाचता येत नाही तो पुरावा म्हणून वापरता येत नाही, एवढ्या एका कारणासाठी तरी कन्नड अक्षरे आणि अंक शिकून घ्यावेत.

पुस्तकांच्या बाबतीत सीमाभागात एक खास खड्डा आहे. मराठीतील वाणिज्याची बहुतेक पुस्तके महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी लिहिलेली असतात आणि कोल्हापुरातून सहज मिळतात. लेखापरीक्षणाची तत्त्वे समजून घ्यायला ती उत्तम आहेत, मानके आणि कंपनी कायदा दोन्हीकडे एकच आहे. परंतु सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे प्रकरण त्यांतून जसेच्या तसे उचलू नये. तिथे महाराष्ट्राचा १९६० चा कायदा असतो. आपल्याकडे १९५९ चा कर्नाटक सहकारी संस्था कायदा लागू आहे आणि त्यातील लेखापरीक्षणाचे कलम ६३ आहे. सौहार्द सहकारी संस्थांना १९९७ चा वेगळा कायदा आहे. आणि निपाणी-चिकोडीकडे ज्या संस्थांचे कार्यक्षेत्र दोन्ही राज्यांत पसरलेले आहे, त्यांना २००२ चा बहुराज्यीय सहकारी संस्थांचा केंद्रीय कायदा लागतो. त्यामुळे पतसंस्थेच्या पाटीवर काय लिहिले आहे ते आधी वाचावे, मग कलम शोधावे. जुन्या टिपणांबाबतही सावध राहावे. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये स्थापन झाले आणि त्यापूर्वीची टिपणे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची आहेत. शिवाय कर्नाटकात २०२१ मध्ये आलेली चार वर्षांच्या पदवीची रचना २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांवर आली, त्यामुळे थोरल्या भावाची वहीसुद्धा आपल्या तुकडीच्या छापील अभ्यासक्रमाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

कायद्याचा भाग शेवटी घ्यावा, आणि तोही मोजका. कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३९ नेमणुकीचे, १४० पदावरून दूर करण्याचे व राजीनाम्याचे, १४१ पात्रता-अपात्रतेचे, १४३ अधिकार व कर्तव्यांचे, १४४ मनाई असलेल्या सेवांचे. एवढी कलमे मूळ मजकुरासह वाचली तर पदवी परीक्षेचा मोठा भाग झाकला जातो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद न करता येणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे, आणि लेखापरीक्षकाला त्यावर अहवाल द्यावा लागतो, हेही अलीकडच्या प्रश्नांसाठी लक्षात ठेवावे.

उत्तर लिहिण्याची पद्धत एका उदाहरणावरून सांगतो. 'कंपनीचे ८०,००० रुपये दर्शनी मूल्याचे आणि ३ लाख रुपये बाजारमूल्याचे शेअर लेखापरीक्षकाच्या पत्नीच्या नावे आहेत. तो अपात्र ठरतो काय?' असा प्रश्न आला, तर पहिल्या परिच्छेदात तरतूद लिहावी: कलम १४१ प्रमाणे लेखापरीक्षकाला स्वतःला कंपनीचा एकही शेअर धारण करता येत नाही, मात्र नातेवाइकाला १ लाख रुपये दर्शनी मूल्यापर्यंत सवलत आहे. दुसऱ्यात ती प्रसंगाला लावावी: मर्यादा दर्शनी मूल्यावर आहे, म्हणून ३ लाखांचा आकडा येथे गैरलागू आहे. तिसऱ्यात एका वाक्यात निष्कर्ष: तो अपात्र ठरत नाही. प्रश्नात मुद्दाम ठेवलेला फसवा आकडा का गैरलागू आहे, हे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. त्याकडे दुर्लक्ष करून बरोबर निष्कर्ष लिहिणाऱ्याला ते मिळतीलच असे नाही.

पुढे सी.ए. करायचे असेल तर वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के गुणांवर फाउंडेशन परीक्षेशिवाय थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. २०२३ च्या नव्या योजनेनुसार आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखालील उमेदवारी, दोन वर्षांची आहे. सी.ए. संस्थेची (आय.सी.ए.आय.) बेळगावची शाखा तिच्या दक्षिण विभागात येते आणि कोल्हापूरची पश्चिम विभागात. आर्टिकलशिपसाठी आपल्याकडची मुले दोन्हीकडे जातात. परीक्षेची उत्तरे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात, मराठीत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत ओळखीच्या कार्यालयात महिनाभर बसायला मिळाले, तर पहिले काम बँक ताळमेळाचे मागावे. पासबुक आणि रोजकीर्द समोरासमोर ठेवून फरकाची एकेक रक्कम शोधताना कोणता धनादेश वटला नाही, कोणती रक्कम बँकेने परस्पर वळती केली आणि कोणती नोंद दोनदा झाली, हे कागदावरून ठरवावे लागते. तिथे पाहिलेले आकडे मित्रांना, घरच्यांना किंवा चहाच्या टपरीवरही सांगायचे नसतात, कारण आपल्या गावांत अमक्याची उधारी किती, ही बातमी संध्याकाळपर्यंत त्याच्याच दुकानात पोहोचते.